पावडर भरलेल्या नळीचं एक्स्ट्रूजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धातूची पावडर पोलादी नळीत भरायची, दोन्ही तोंडं झाकणं वेल्ड करून बंद करायची, आतली हवा काढायची, सगळं तापवायचं आणि प्रेसमध्ये घालून डायमधून, म्हणजे भोक असलेल्या साच्यातून, दाबून काढायचं. हेच एक्स्ट्रूजन. सांगायला एवढंच. पण बाहेर आलेल्या सळईवर लांबच लांब चिरा दिसतात, आतला गाभा एका बाजूला सरकलेला असतो, पहिला फूटभर भाग हातात भुसभुशीत लागतो, तेव्हा प्रश्न सुरू होतात. बहुतेक जण आधी डायवर संशय घेतात. माझं मत वेगळं आहे. या कामातल्या बऱ्याच दोषांचं मूळ डायच्या आधी असतं. नळी डायपर्यंत पोचण्यापूर्वीच बिघडलेली असते.

पावडर अशी डब्यात कोंडून दाबायची गरजच काय? धातू वितळवून ओतला की झालं!

काही मिश्रधातूंच्या बाबतीत ते जमत नाही. ओडीएस पोलादाचं, म्हणजे ऑक्साइडचे कण पसरवून बळकट केलेल्या पोलादाचं, उदाहरण घ्या. त्यात साधारण ०.३ टक्के यिट्रियम ऑक्साइड अतिसूक्ष्म कणांच्या रूपात सगळीकडे सारखं पसरलेलं हवं असतं. पोलाद वितळवलं की हे ऑक्साइड गोळा होऊन वर तरंगतं. म्हणून पोलादाची पावडर आणि ऑक्साइड बॉल मिलमध्ये (गोळ्यांच्या चक्कीत) तासन् तास एकत्र दळतात. ‘मेकॅनिकल अलॉयिंग’ नावाची ही पद्धत इन्को कंपनीत जॉन बेंजामिन यांनी १९६० च्या दशकात विकसित केली. दळून झालेली पावडर घन करायची तर ती न वितळवताच करावी लागते. तिथे कॅन, म्हणजे वर सांगितलेली बंद पोलादी नळी (पुढे तिला डबा म्हणू), आणि गरम एक्स्ट्रूजन उपयोगी पडतं.

साध्या घन बिलेटपेक्षा यात वेगळं काय घडतं?

घन बिलेट, म्हणजे धातूचा अखंड ठोकळा, कंटेनरमध्ये (प्रेसच्या पोकळ दंडगोलात) जरासं फुगून बसतं आणि लगेच डायमधून वाहू लागतं. त्याचं आकारमान बदलत नाही. पावडर भरलेला डबा मात्र आधी आखडतो. आत जवळजवळ ४० टक्के पोकळी असते आणि ती बंद झाल्याशिवाय डायमधून ढकलण्याइतका दाब तयारच होत नाही. म्हणजे टप्पे दोन: आधी ठासणं, मग वाहणं. दुसऱ्या टप्प्याचं गणित पुस्तकांत भरपूर सापडतं. पहिल्याकडे फारसं कोणी बघत नाही.

डबा नक्की किती आखडतो?

एक उदाहरण घेऊ, पुढेही तेच वापरू. डब्याचा बाहेरचा व्यास १०० मिमी, आतला ९०, म्हणजे भिंत ५ मिमी. लांबी ३०० मिमी. प्रेसच्या कंटेनरचा व्यास १०५ मिमी. पावडर ६० टक्के घनतेने भरली आहे. झाकणं हिशेबात धरत नाही.

आतली जागा सुमारे १९.१ लाख घन मिमी. तिच्या ६० टक्के म्हणजे ११.४५ लाख घन मिमी खरी धातू. भिंतीची धातू सुमारे ४.४८ लाख. एकूण १५.९ लाख. पोकळी पूर्ण गेली आणि सगळं १०५ मिमीच्या कंटेनरमध्ये गच्च बसलं, तर लांबी उरते फक्त १८४ मिमी. तीनशेचे एकशे चौऱ्याऐंशी! डबा जवळपास ३९ टक्के आखूड झाला आणि डायमधून अजून एक मिलिमीटरही धातू गेलेली नाही.

आता भिंतीकडे बघा. तिची धातू तेवढीच राहिली, लांबी मात्र कमी झाली. मग ती जाड व्हायलाच हवी. गच्च झाल्यावर गाभ्याचा व्यास ८९ मिमी येतो आणि भिंत ५ वरून ८ मिमी होते. सगळीकडे सारखी जाड झाली तर काहीच हरकत नाही. पण पोलादाची नळी उभी दाबली की ती सरळ जाड होण्यापेक्षा वळून घडी पडणं पसंत करते. सगळ्या तक्रारींची सुरुवात इथे आहे.

सुरकुत्या कुठे आणि कशा पडतात?

रिकामी नळी उभी दाबली तर दोन प्रकारे चिरडते. जाड भिंतीची नळी गोल वळ्या पाडत बसते. पातळ भिंतीची नळी पत्त्यांतल्या चौकटीसारख्या कोनाड्यांत दुमडते. आत काहीतरी भरलेलं असलं की नळी गोल वळ्यांकडे झुकते आणि घड्यांमधलं अंतर कमी होतं. फोम भरलेल्या नळ्यांच्या चाचण्यांतही हेच दिसतं.

घडीची लांबी साधारणपणे त्रिज्या गुणिले जाडी याच्या वर्गमुळाबरोबर वाढते. आपल्या डब्यासाठी हे वर्गमूळ १५ मिमीच्या आसपास येतं. भिंत पातळ केली की घड्या जवळजवळ, टोकदार आणि खोल. जाड केली की लाटा रुंद आणि उथळ. बाहेर सरकायला जागा किती? शंभरचा डबा आणि एकशे पाचचा कंटेनर, म्हणजे प्रत्येक बाजूला अडीच मिमी. डबा ‘आरामात आत जावा’ म्हणून ही फट वाढवणं म्हणजे घडीला निमंत्रण.

पहिली वळी बहुतेकदा झाकणाच्या वेल्डजवळ पडते. तिथे झाकण भिंतीला फुगू देत नाही, त्यामुळे लगेच शेजारी भिंत वाकते. वेल्डमध्ये भेग असेल तर ती नेमकी त्याच वेळी उघडते.

पावडर आतून भिंतीला आधार देते ना? मग भिंत आत कशी वळते?

आधार देते, पण उशिरा. बरेच जण पावडरीला पाणी समजतात. वरून दाबलं की तेवढाच दाब चहूबाजूंना जाईल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. सुट्या कणांचा बराचसा भार भिंतीशी होणाऱ्या घर्षणावर अडकतो. धान्याच्या उंच कोठारात तळाचा दाब उंचीबरोबर वाढत राहत नाही, एका मर्यादेला थांबतो, हे जर्मन अभियंता यान्सन यांनी १८९५ मध्ये दाखवलं होतं. डब्यातही तेच घडतं. रॅमजवळची (प्रेसच्या ढकलणाऱ्या दांड्याजवळची) पावडर आधी ठासली जाते आणि लांबचं टोक बराच वेळ सैलच राहतं.

दुसरं कारण सच्छिद्रतेचं आहे. घन धातू उभी दाबली की आडवी पसरते, कारण तिचं आकारमान घटत नाही. सच्छिद्र धातू आधी स्वतःच्या पोकळीत शिरते. सिंटर केलेल्या, म्हणजे न वितळवता तापवून सांधलेल्या, सच्छिद्र धातूंसाठी कून यांनी दिलेला अंदाज असा, की आडव्या पसरण्याचं प्रमाण घनतेच्या वर्गाच्या निम्मं. पूर्ण घन धातूसाठी ते ०.५ येतं, ६० टक्के घनतेला ०.१८. म्हणजे सुरुवातीला गाभा भिंतीला फारसं रेटतच नाही. नेमक्या त्याच वेळी भिंत एकटी पडते आणि वळते. गाभा पुरेसा घट्ट होऊन बाहेर रेटू लागतो तोवर वळी पडून गेलेली असते, आणि तिच्या मागची पावडर तिला त्याच आकारात पकडून ठेवते.

घडी पडली तर पडली. डायमध्ये दाबून सपाट होणार नाही का?

सपाट होते, नाहीशी होत नाही. दुमडलेल्या भिंतीचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात, पण मध्ये खपली आणि वंगण अडकलेलं असतं, त्यामुळे ते जुळत नाहीत. मग १० पट एक्स्ट्रूजनमध्ये, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ एक दशांश करणाऱ्या एक्स्ट्रूजनमध्ये, ती घडी लांबीला दसपट ताणली जाते. मूळची बोटभर वळी सळईवर हातभर लांब चीर बनते. आतल्या बाजूने डब्याची धातू गाभ्यात घुसलेली असते. पुढे डबा सोलला की गाभ्यावर खोबणी उरते आणि ती घालवायला चांगली धातूही लेथवर उडवावी लागते.

मग डब्याची भिंत सरळ दुप्पट जाड का करू नये?

करता येते. पाच ऐवजी दहा मिमी भिंत घेतली, बाहेरचा व्यास तोच ठेवला, तर दाबल्यावर लांबी १८४ ऐवजी २०२ मिमी राहते आणि वळ्या सौम्य होतात. पण पावडर २१ टक्क्यांनी कमी बसते आणि तेवढं साधं पोलाद उगाच दाबावं लागतं. दळलेली पावडर महागडी असेल तर जाड भिंतीचा विमा परवडतो. उत्पादनाचं काम असेल तर आधी भरण सुधारा.

भरण सुधारायची म्हणजे नेमकं काय करायचं?

पूर्वी धान्य मापणारा पायली दोनदा आपटायचा आणि दाणे खाली बसायचे, तसंच इथे करायचं: थोडी भरा, थरथरवा, पुन्हा भरा. पण आपटण्यालाही मर्यादा आहे. एकाच मापाचे गोल कण कसेही हलवले तरी ६४ टक्क्यांच्या आसपास अडकतात. लहानमोठे कण मिसळले तर मोठ्यांच्या फटीत लहान जातात आणि आकडा वर सरकतो. गॅस अॅटमायझेशनची (वितळलेल्या धातूवर वायूचा झोत मारून केलेली) पावडर गोल असते, ती छान बसते. बॉल मिलमधून आलेली पावडर चपटी, कोनदार. ती एकमेकांत अडकते आणि तिची भरण कमीच राहते.

आपल्या डब्यात ६० ऐवजी ६८ टक्के भरण झाली तर अंतिम लांबी जवळपास २०२ मिमी येते, भिंत दुप्पट जाड करून मिळाली होती तेवढीच. भिंतीत जास्तीचं पोलाद न घालता!

याहून पुढे जायचं तर थंड आयसोस्टॅटिक प्रेसिंग. डबा द्रवात बुडवून सर्व बाजूंनी सारखा दाबतात. ६० टक्क्यांवरून ८८ टक्क्यांपर्यंत जाताना प्रत्येक माप साधारण १२ टक्क्यांनी घटतं. आखडणं लांबी आणि व्यास दोघांत वाटलं जातं, एकट्या लांबीवर येत नाही. स्वीडनमधल्या नीबी इथे स्टेनलेस पावडरीपासून सलग नळ्या बनवण्याची पद्धत याच विचारावर उभी होती: पातळ डबा, थंड आयसोस्टॅटिक दाबाने ८५ ते ९० टक्के घनता, मग तापवून एक्स्ट्रूजन. एवढं यंत्र आपल्याकडे नसेल तर गरम डबा आधी बंद तोंडाच्या कंटेनरमध्ये दाबून घ्यायचा, बाहेर काढून वरच्या वळ्या लेथवर साफ करायच्या आणि मगच डाय लावायचा. वेळ जातो, पण पैसे वाचतात.

प्रेसच्या आलेखावरून यातलं काही कळतं का?

बरंच कळतं, आणि तो कोणी जपून ठेवत नाही याचं मला नवल वाटतं. रॅमचं अंतर आडवं, बल उभं. सुरुवातीला रेघ बराच वेळ जमिनीलगत चालते. तिथे पोकळी बंद होत असते. मध्येच बारीक चढउतार दिसले तर वळ्या पडत आहेत असं समजा. मग रेघ एकदम उभी चढते: डबा कंटेनरभर झाला. शिखर येतं तेव्हा टोक डायमधून फुटून बाहेर येतं. त्यानंतर कंटेनरमधली लांबी आणि घर्षण कमी होत जातं, तशी रेघ हळूहळू उतरते.

बलाचा अंदाज नेहमीच्या सूत्राने येतो: क्षेत्रफळ गुणिले धातूचा एक स्थिरांक गुणिले एक्स्ट्रूजन गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम. गुणोत्तर १० असेल तर लॉग २.३. स्थिरांक समजा ३५० मेगापास्कल धरला, तर १०५ मिमीच्या कंटेनरला सुमारे ७१० टन लागतात. उभी चढण हिशेबापेक्षा लवकर सुरू झाली, तर कुठेतरी घडी अडकून डबा अर्धवट ठासला गेला असण्याची शक्यता असते.

डायमध्ये कणांचं काय होतं?

इथे एक्स्ट्रूजन गरम आयसोस्टॅटिक प्रेसिंगवर (गरम डबा सर्व बाजूंनी सारखा दाबण्याच्या पद्धतीवर) मात करतं. आयसोस्टॅटिक दाबात पोकळी बंद होते, पण प्रत्येक कणाची ऑक्साइडची साल तशीच राहते आणि जुन्या कणांच्या सीमा जाळ्यासारख्या दिसत राहतात. डायमध्ये कण ताणला जातो. १०० मायक्रॉनचा गोल कण १० पट एक्स्ट्रूजननंतर हिशेबाने १ मिमी लांब आणि ३२ मायक्रॉन जाड तंतू होतो. त्याचा पृष्ठभाग जवळजवळ अडीचपट वाढतो. कडक साल तेवढी ताणली जाऊ शकत नाही, ती तुटते आणि मधून ताजी धातू उघडी पडते. शेजारच्या कणाची ताजी धातू तिच्यावर प्रचंड दाबाखाली येते आणि सांधा बसतो. अॅल्युमिनियमच्या पावडरीत साल चिवट असते, तिथे तर हे ताणणं जवळपास अपरिहार्यच.

याची किंमतही आहे. कण एका दिशेने ताणले गेल्याने सळई लांबीच्या दिशेने एक वागते आणि आडवी दुसरीच. नळी बनवणाऱ्यांना हे त्रासदायक ठरतं, कारण आतल्या दाबाचा मुख्य ताण परिघाच्या दिशेने येतो.

गाभा कठीण आणि डबा मऊ असेल तर?

तर दोघं एका वेगाने जायला तयार नसतात. मऊ डबा पुढे पळतो, कठीण गाभा मागे ओढला जातो. फरक फार असेल तर गाभा ठरावीक अंतरावर बारीक होतो, शेवटी तुटतो, आणि बाहेरून सळई अगदी सरळ दिसते. चांदीच्या नळीत सिरॅमिक पावडर भरून ओढलेल्या बिस्मथच्या अतिवाहक तारांमध्ये हा दोष सर्वपरिचित आहे.

गरम कामात तापमान या भांडणात तिसरा पक्ष असतो. ११०० अंशांचा डबा ४००-५०० अंशांच्या कंटेनरमध्ये गेला की त्याची त्वचा थंड होऊन कडक होते. एका अर्थी ते बरंच, डबा अंगावर थंडी झेलतो आणि गाभा गरम राहतो. पण गाभा मुळात गरम झाला होता का? निर्वात केलेली सुटी पावडर उष्णता फारच हळू वाहून नेते, कारण कणांना कण बिंदूंवर टेकलेले असतात आणि मधली हवाही काढून घेतलेली असते. घन बिलेटच्या सवयीने भट्टीची वेळ ठरवली तर बाहेर अकराशे आणि मध्यावर त्याहून बरंच कमी, असा डबा प्रेसमध्ये जातो. शक्य असेल तर एका चाचणी डब्यात मध्यापर्यंत थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घालून वेळ मोजून घ्या.

डायचा कोन किती ठेवावा?

सपाट तोंडाच्या डायला डबा लावू नका. कोपऱ्यात धातू अडून बसते, बाकीची तिच्यावरून कातरत जाते आणि डब्याची भिंत फाटते. शंकूच्या आकाराची डाय आणि काचेचं वंगण ही पोलादासाठीची रुळलेली जोडी. काच वापरण्याची कल्पना फ्रान्समधल्या सेजूर्ने यांची, १९४० च्या दशकातली. पण कोन मोठा आणि गुणोत्तर लहान असं करू नका. तसं केलं की अक्षावर ताण ओढणीचा होतो आणि गाभ्यात बाणाच्या टोकासारख्या भेगा पडतात. अजून नीट न जुळलेल्या पावडरीला त्या घन धातूपेक्षा लवकर पडतात.

सळईचं पुढचं टोक भुसभुशीत का?

कारण त्याच्यासमोर अडवायला काहीच नसतं. पावडर पूर्ण ठासण्याआधीच ती बाहेर निसटते. डब्याच्या पुढच्या टोकाला साध्या पोलादाचा घन शंकू वेल्ड केला की पहिला मान त्याला मिळतो आणि पावडरीची पाळी येईपर्यंत दाब तयार होतो. मागचं टोकही कापून टाकावंच लागतं, तिथे झाकणाची धातू गाभ्यात ओढली जाते.

हवा काढली नाही तर चालेल का?

नाही. सामान्य दाबाची हवा आत ठेवून डबा ११०० अंशांना तापवला तर आतला दाब सुमारे ४.७ पट होतो आणि मऊ पडलेला डबा फुगतो. पुढे पोकळी बंद होताना तीच हवा सूक्ष्म छिद्रांत कोंडली जाते आणि नंतरच्या तापवणीत फोड बनून वर येते. ओलावा त्याहून वाईट. अॅल्युमिनियमच्या पावडरीवरचा ओलावा गरम झाल्यावर हायड्रोजन सोडतो. म्हणून डबा ४०० अंशांच्या आसपास तापवत ठेवून निर्वात पंप चालवायचा, दाब स्थिर झाला की नळी चेपून वेल्ड करायची आणि सांधे हेलियमने तपासायचे. ओल्या पावडरीचा सीलबंद डबा भट्टीत घालणं हा दर्जाचा प्रश्न राहत नाही, तो जिवाचा प्रश्न होतो.

गिझरच्या कॉइलमध्येही नळीत पावडर असते. तिथेही हेच लागू होतं का?

अर्धंच. तिथे मॅग्नेशियम ऑक्साइड असतं आणि नळी रोलिंगने किंवा ठोकून बारीक करतात, एक्स्ट्रूजन नसतं. ऑक्साइडचे दाणे तंतू होत नाहीत, ते फुटतात आणि फटींत बसतात. दाब बाहेरून आत येत असल्याने नळी आखडण्याऐवजी लांब होते, त्यामुळे वळ्यांचा प्रश्नही उद्भवत नाही.

कॉम्प्युटरवर आधी करून बघता येतं का?

येतं, पण घन धातूचं मॉडेल लावू नका, ते आकारमान घटूच देत नाही. घनता बदलणारं मॉडेल लागतं. शिमा-ओयाने यांचं मध्यम आणि जास्त घनतेला ठीक चालतं. अगदी सुट्या पावडरीला ड्रकर-प्रागर कॅपसारखं कणांचं घर्षण धरणारं मॉडेल बरं. आणि डबा सममित धरला तर चौकटीच्या घड्या कधीच दिसणार नाहीत, हे लक्षात ठेवून उत्तर वाचा.

भारतात असं काम होतं का?

होतं. कल्पाक्कमचं इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र, हैदराबादचं एआरसीआय हे पावडर धातुकर्माचं संशोधन केंद्र आणि न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्स यांनी मिळून वेगवान अणुभट्ट्यांच्या इंधन नळ्यांसाठी ९ टक्के क्रोमियमचं ओडीएस पोलाद याच वाटेने बनवलं: दळलेली पावडर, डबा, गरम एक्स्ट्रूजन, आणि पुढे थंड पिल्गरिंग करून (रोलमध्ये पुढेमागे लाटून) पातळ नळी.

शेवटी डबा काढायचा कसा?

साधं पोलाद असेल तर लेथवर सोला, किंवा गाभा स्टेनलेससारखा भरपूर क्रोमियम असलेला असेल तर डबा नायट्रिक आम्लात विरघळवा. त्याआधी सळईच्या दोन-तीन ठिकाणी आडवे काप घेऊन गाभ्याचा व्यास मोजा. आपल्या डब्याचं उदाहरण १० पट काढलं तर सळई ३३ मिमी, गाभा २८ मिमी आणि भिंत अडीच मिमी यायला हवी. गाभा गोल नसेल किंवा एका बाजूला सरकला असेल तर लेथवर सगळीकडे सारखं सोलू नका, नाहीतर एका बाजूला पोलाद राहील आणि दुसऱ्या बाजूने महागडी धातू बुरादा होऊन जाईल.